क्रमांक घातलेली औषधे

मुलाकडे ऑस्ट्रेलियात गेलो असता क्वीन्सलँडच्या अंतर्भागातील क्लोनकरी हे महामार्गावरचे छोटे गाव पाहिले. सभोवार तांबडी माती आणि दूरवर निर्जन रस्ता. विमानाने रुग्णांपर्यंत जाणाऱ्या डॉक्टरांची जॉन फ्लिन यांची सेवा मे १९२८मध्ये येथूनच सुरू झाली. पण विमान येईपर्यंत काय करावे? त्यासाठी १९४२पासून दूरच्या वस्त्यांवर औषधपेट्या ठेवल्या गेल्या. प्रत्येक औषधाला क्रमांक असे. डॉक्टर रेडिओवरून क्रमांक सांगत आणि घरची माणसे नेमके तेच औषध देत.

हे वाचताना मला आई आठवली. एका रात्री गावाहून तिचा फोन आला, "चक्कर येतेय रे. पांढरी गोळी घेतली, पण कुठली ते कळेना." तिच्या डब्यात तीन प्रकारच्या पांढऱ्या गोळ्या होत्या. डॉक्टर असूनही मी निरुत्तर झालो. शेजाऱ्यांनी तिला वेळेवर रुग्णालयात नेले, म्हणून निभावले.

आपणही गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा आणि त्यावर ठळक क्रमांक घाला. क्रमांक, नाव, मात्रा व वेळ यांची यादी फोनजवळ लावा. एक प्रत दूरच्या मुलांकडे द्या. आईच्या औषधांवर आता मी स्वतः आकडे घातले आहेत.