मोडतोडीचं देणं

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींचे पैसे माझ्याकडून कधीच फिटले नाहीत. त्यांनी मागितले नाहीत, आणि मागितले असते तरी हिशेब कसा लावायचा हा प्रश्नच होता. आम्ही पोरांनी त्यांची वाळू नासवली, कोक जाळला. वेळ खाल्ला तो वेगळाच.

पाठवलं होतं चित्रकलेच्या सरांनी. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांपलीकडे मुलांनी काही घडवावं, असं त्यांना वाटे. नववीत आम्ही शाडूत घोड्याचं तोंड उठावात केलं, त्यावरून प्लास्टरचा नमुना काढला. सर म्हणाले, ‘‘आता हे ॲल्युमिनियममध्ये ओतून आणा.’’ मिस्त्री त्यांच्या ओळखीचे. शिवाजी उद्यमनगरात लहानशी फौंड्री, पंपाचे सुटे भाग ओतायचे.

मिस्त्रींनी आधी वाळू हातात दिली. मूठ आवळायची, उघडायची. गोळा टिकला पाहिजे आणि मोडला तर कडा स्वच्छ राहिल्या पाहिजेत. आमचा गोळा झकास टिकला. आम्ही पेटी भरली, नमुना काढला, मुशीतला रस ओतला गेला. गार झाल्यावर पेटी फोडली, तर घोड्याच्या गालावर देवीच्या व्रणांसारखी भोकं.

‘‘वाळूला पानी लई झालंय,’’ मिस्त्री म्हणाले. ‘‘फोडा आन् परत भरा.’’

बस्स, एवढंच. जादा पाण्याची वाफ होते, तिला वाट मिळाली नाही की ती धातूत अडकते, हे आम्ही आपसांत भांडून काढलं. दुसरं ओतकाम सुबक आलं, पण नमुन्यावर ठेवून पाहिलं तर किंचित आखूड. तेव्हा मिस्त्रींनी पॅटर्नवाल्याची फूटपट्टी काढून माझ्या शाळेच्या पट्टीला भिडवली. तिचा फूट माझ्या फुटापेक्षा मोठा! बीड गार होताना फुटाला सुमारे एक सूत आकसतं, ॲल्युमिनियम त्याहून जरा जास्त. म्हणून पट्टीच तेवढी वाढवून आखलेली. उष्णतेनं पदार्थ प्रसरण पावतात, हे वाक्य मी त्याआधी कितीदा तरी घोकलं होतं. त्या दिवशी ते दोन पट्ट्यांमधल्या फटीत दिसलं.

पुढे विज्ञानाचा शिक्षक झालो, आणि मिस्त्रींनी नेमकं काय दिलं ते हळूहळू उमगलं. माहिती पुस्तकातही होती. पहिलं ओतकाम वाया जाणार हे त्या माणसाला वाळू हाताळतानाच कळलं असणार. तरी त्यांनी ते जाऊ दिलं आणि खर्च स्वतःच्या अंगावर घेतला.

हातानं करून शिकायचं आणि त्याचा खर्च कुणीतरी अंगावर घ्यायचा, ही रीत कोल्हापुरात जुनी आहे. बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले, पण सख्ख्यासारखे भाऊ आनंदराव, हे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे. सिनेमानं झपाटले आणि कॅमेरा स्वतःच करायला बसले. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ च्या सुमारास तो कॅमेरा पुरा केला. ब्रश धरणाऱ्या हातांनी लेन्स आणि दातेरी चाकं जुळवली. चित्रकला कुठे संपली आणि यंत्रविद्या कुठे सुरू झाली, सांगता येणार नाही. अशा माणसाच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला भांडवल दिलं ते गायिका तानीबाई कागलकरांनी. तेव्हा कंपनीची ‘सैरंध्री’ पडद्यावर यायची होती. ती आली १९२० मध्ये. बाबूरावांचं नाव घेताना मला तानीबाईही आठवतात.

याच गावात लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय काढलं. शिक्षकांना घडवण्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या बाईंनी निवृत्तीच्या वयात लहान मुलांची शाळा काढावी, याचंच मला अप्रूप वाटलं. मुलांनी करून पाहावं, विचारावं, चुकावं, आणि शिक्षकानं त्यातून शिकावं, हे त्यांनी लिहिलंही आणि चालवूनही दाखवलं. मिस्त्रींकडे जे नकळत मिळालं होतं, ते वर्गात मुद्दाम आणता येतं, हा धीर मला त्यांच्या पुस्तकांनी दिला. त्यांचंही देणं माझ्यावर आहे.

आज शाळेला मदत करणारे पुष्कळ भेटतात. त्यांना कपाट द्यायचं असतं, सूक्ष्मदर्शक द्यायचा असतो, त्यावर आईवडिलांच्या नावाची पट्टी हवी असते. त्यांच्या भावनेबद्दल शंका नाही. पण नावाची पट्टी लागली की वस्तू जपावी लागते, जपायची म्हणजे कुलूप आलं, आणि मुलं काचेतून विज्ञान बघतात. म्हणून मी दात्यांकडे दुसरंच मागतो : प्लास्टर, मेण, तांब्याची तार, स्वस्तातली भिंगं, रंग, जे वर्षअखेरीला शिल्लक राहू नये असं सगळं. वहीत त्याचं वेगळं खातं आहे, ‘मोडतोड’. मागे एका व्यापाऱ्यानं ते वाचून विचारलं, ‘‘गुरुजी, मोडायला पैसे देऊ व्हय?’’

‘‘व्हय,’’ म्हटलं. त्यानं दिले, आणि पावतीवर आपलं नाव घालू नका म्हणाला.