कव्हर काढायचा दिवस

डिसेंबरात टरबूज लावतो म्हणालो, तेव्हा चुलते नुसते हसले. औशाकडच्या आमच्या काळ्या रानात त्या दिवसांत हरभरा, फार तर करडई. टरबूज उन्हाळ्याचं पीक. पण सगळ्यांचा माल एप्रिलात निघाला की व्यापारी बांधावर येऊन पाडून मागतो. मार्च लागताच निघाला, तर तोच आधी फोन करतो. एवढ्यासाठी थंडी अंगावर घेतली.

तळेगाव दाभाड्याला प्रशिक्षणात पॉलिहाऊस पाहिलं होतं. लोखंडी सांगाडा, वर २०० मायक्रॉनचा कागद. खर्च ऐकला आणि २०१४ ची गारपीट आठवली. आमच्यासाठी क्रॉप कव्हरच बरं. बेडवर ठिबक, त्यावर मल्चिंग, दर पाच-सहा फुटांवर तारेची कमान आणि वरून पांढरं कव्हर. दुकानातल्या कापडी पिशव्या असतात तसलंच, पण फार पातळ. त्यातून ऊन आणि वारा दोन्ही जातात. दोन्ही कडांवर माती लोटली की झालं.

आमची थंडी तशी फसवी. दुपारी तीस अंश, पहाटे दहा. रोप मरत नाही, रुसतं. पानं आखडतात, शेंडा जागचा हलत नाही. कव्हरखाली मात्र वेल चालत राहतो, वर फुलकिडे आणि पांढरी माशीही बाहेर राहते. अर्धापूरचे आमचे मेहुणे थंडीच्या रात्री केळीला पाणी सोडतात, पहाटे बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करतात. "तुमचं बरं, झाकता तरी येतं," म्हणतात.

झाकायला काय, कुणीही झाकतो. चुकतं ते उघडताना. आधी नर फुलं येतात, चार-पाच दिवसांनी मादी. तिच्या देठाशी मण्याएवढं फळ असतं. ती दिसू लागली की मधमाशीला वाट द्यायलाच हवी. पहिल्या वर्षी थंडी होती म्हणून मी आठवडाभर आणखी थांबलो. वेल कव्हरला टेकले, हिरवेगार, बघत राहावे असे. मण्याएवढी फळं मात्र पिवळी पडून गळाली. दुसऱ्या वर्षी घाई केली आणि भर दुपारी कव्हर ओढलं. सावलीत वाढलेली कोवळी पानं तासाभरात माना टाकून बसली.

आता आधी एक बाजू उचलतो, दोन दिवस तसंच ठेवतो, मग संध्याकाळी सगळं गुंडाळतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ-नऊच्या सुमाराला नुसता बेडच्या कडेला उभा राहतो. चुलतेही येतात हल्ली. हरभऱ्याचा घाटा सोलत विचारतात, "आल्या का रे माशा?"