मुक्कामाचं गोत

घाटमाथ्यावरून सिंगापूरची नाळ उतरून पायथ्याच्या दापोली गावातल्या घरांपाशी पोचलो, तशी मंडळी बोलेनाशी झाली. थकवा म्हणावा, तर राजगडाच्या संजीवनी माचीवरून निघून तोरण्याची बुधला माची चढताना तो याच्या दुप्पट होता, आणि तेव्हा सगळे एकमेकांना शिव्या घालत हसत होते. इथे समोर रायगड उभा, मागे लिंगाण्याचा सुळका, पायांत नाळेतल्या घसाऱ्याची थरथर. आणि जो तो आपापल्या सॅकचे बंद उगाच घट्ट करत होता.

राजगड-तोरणा-रायगड ही वाट तशी उफराटीच. तोरणा १४०३ मीटर उंच, राजगड जवळपास त्याच्या खांद्याला खांदा लावणारा, आणि जिथे पोचायचं तो रायगड दोघांपेक्षाही पाचशेहून अधिक मीटर बुटका. सगळ्यात उंच जागा मध्येच मागे पडते. मग घाटमाथ्यावरून कोकणात कोसळायचं, पुन्हा चढायचं, आणि वर बघावं तर रोपवेने आलेली माणसं इस्त्रीच्या कपड्यांत ताक पीत उभी. त्यांच्याबद्दल राग नाही. पण त्या क्षणी थोडा येतो.

माझं मन मात्र गडांपेक्षा रात्रींत अडकलंय. राजगडावर पद्मावतीच्या देवळात प्रत्येकाने आपली कॅरीमॅट भिंतीलगत टाकली होती; मधली फरशी रिकामी, सभ्य. तोरण्यावर मेंगाईच्या देवळात वारा दारातून आत घुसला आणि मॅटी आपसूक एकमेकींना भिडल्या. मोहरी गावात घरच्या मावशींनी पिठलं-भाकरी वाढली, शेणाने सारवलेली ओसरी दाखवली आणि म्हणाल्या, “बसा दाटीवाटीनं, गारठा लई हाय.” कोण कुणाच्या उशाशी, हे त्या रात्री कुणी विचारलंसुद्धा नाही.

अंधारात माणसं वेगळ्याच रीतीने कळत जातात. बँकेतून निवृत्त झालेले काका पाठीवर असेपर्यंत घोरतात, कुशीवर वळले की थांबतात. कॉलेजातली एक मुलगी झोपेत हिशेब करते. आकडे स्पष्ट ऐकू येतात. एकाला पहाटे हटकून बाहेर जावं लागतं आणि तो टॉर्च तळहाताखाली झाकून, बोटांतून लाल उजेड गाळत, सगळ्यांचे पाय चुकवत जातो. कुणाच्या खोकल्याला गरम पाणी पुरतं, कुणाच्या खोकल्याला नुसतं “काय झालं?” एवढं विचारणं. यांची आडनावं मला धड ठाऊक नव्हती. दिवसा कोण कुणाला मतं देतं, हे कळलं असतं तर बहुधा आमचं वाजलं असतं.

हे ज्ञान कशाच्याच उपयोगाचं नाही. ते कुठल्या डोंगरवाटेच्या पुस्तकात येत नाही, फोटोतही उतरत नाही. त्याला जगायला एकच जागा लागते, सामायिक जमीन. आणि ती संपली होती.

राजगड पाव शतकाच्या आसपास स्वराज्याची राजधानी होता. मग राजधानी रायगडी हलली, तिथे १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला. शाळेत हे एका वाक्यात आटपतात. पण दफ्तरं, भांडीकुंडी, जनावरं घेऊन निघालेली माणसं मध्ये कुठेतरी झोपलीच असणार. कुठल्या का वाटेने असेना. त्यांच्यातही कुणी घोरत असेल, कुणी कुणाला आपली घोंगडी दिली असेल. राजधानी पोचली. त्या रात्रींचं पुढे काय झालं, याची नोंद कोण ठेवणार?

रायगडावर जगदीश्वराच्या देवळाशी पायरीवर हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलेलं आहे. गड बांधणाऱ्याने आपलं नाव ठेवायला जागा निवडली ती येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांखालची. आम्ही त्या पायरीशी बराच वेळ रेंगाळलो. समाधीचं दर्शन झालं होतं, बाजारपेठ बघून झाली होती, खाली उतरायला हवं होतं. कुणीतरी म्हणालं, “निघायचं?” आणि कुणीच हललं नाही. त्या रात्री गडावर खोल्या मिळाल्या, गाद्या मिळाल्या, दाराला आतून कडी होती. मला झोप लागली नाही. पलीकडच्या खोलीत काका कुशीवर वळले की नाही, ते भिंतीतून कळेना.

महाडला पुण्याचे आणि मुंबईचे वेगळे झाले. मिठ्या झाल्या, “ग्रुपवर टाक रे फोटो” झालं. फोटो आले. मग सणांच्या शुभेच्छा येऊ लागल्या, मग कुणाच्या तरी सोसायटीतल्या हरवलेल्या मांजराची सूचना.

पुढे एकदा हॉटेलात भेटायचं ठरलं, घरच्यांसह. खुर्च्यांवर बसलेले आम्ही एकमेकांना परके वाटत होतो. धुतलेले, विंचरलेले, नोकऱ्यांबद्दल विचारणारे. बोलणं पुनःपुन्हा पार्किंगवर येत होतं. तेवढ्यात काकांच्या पत्नी हसत म्हणाल्या, “ह्यांच्या घोरण्याने तुम्हा सगळ्यांचे काय हाल झाले असतील!”

“नाही हो काकू,” हिशेबवाली मुलगी पटकन म्हणाली, “उजव्या कुशीवर वळवा, लगेच थांबतं.”

“उजव्या नाही, डाव्या,” दोघंतिघं एकदम म्हणाले, आणि टेबलावर जोराचा वाद सुरू झाला. काकूंनी आमच्याकडे पाहिलं, मग काकांकडे पाहिलं, आणि मेनूकार्ड उघडलं.