दिवे गेले, गुरुत्व राहिलं

लोडशेडिंग झालं की पंखा थांबतो, विहिरीवरची मोटर थांबते, पिठाची गिरणी थांबते. बुलढाणा जिल्ह्यातल्या धाड गावात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. टीव्हीवरच्या अंतराळयानांचं मात्र न्यारंच असतं. शत्रूचा मारा बसतो, दिवे जातात, संगणक बंद पडतात, हवा संपत येते, आणि कप्तान दोन्ही पाय जमिनीवर रोवून हुकूम सोडत उभा. त्या यानात कधीही न बिघडणारं यंत्र एकच, गुरुत्वाकर्षणाचं.

हा पायंडा रूढ केला ‘स्टार ट्रेक’ या मालिकेने. अमेरिकेत तिचा पहिला भाग 8 सप्टेंबर 1966 रोजी दाखवला गेला. ऐंशीच्या दशकात ती आपल्या दूरदर्शनवरही आली. या पायंड्याचं कारण विज्ञानाचं नव्हतं, पैशांचं होतं. नटांना दर आठवड्याला तारांवर टांगून तरंगवणं कुठल्याच निर्मात्याला परवडत नाही. दर भागात यान ग्रहावर उतरवायचा खर्च नको म्हणून माणसं किरणांतून खाली पाठवायची युक्ती निघाली, ती याच काटकसरीतून. 1998 मध्ये दूरदर्शनवर केतन मेहतांचा ‘कॅप्टन व्योम’ आला, मिलिंद सोमण घराघरांत पोचला. त्यातले कैदी गुरूच्या एका चंद्रावरच्या तुरुंगातून पळालेले. गुरूच्या चंद्रांपैकी सर्वाधिक ओढ असलेल्या आयओवरही वजन पृथ्वीवरच्या पाचव्या हिश्श्याहून कमी भरतं. तिथे पळणारा कैदी आणि मागे लागलेला शिपाई, दोघंही टणाटण उड्या मारत जातील. दूरदर्शनच्या बजेटात ते बसवणं अवघडच होतं, त्याबद्दल रागावण्यात अर्थ नाही.

राग यावा अशी जागा पुढे आहे. अशा मालिकांत गुरुत्व यानाच्या फरशीतच बसवलेलं असतं. बरं, मानू या. पण ज्ञात भौतिकशास्त्रात नुसत्या फरशीला पृथ्वीइतकी ओढ आणायची तर दर चौरस मीटरमागे सुमारे 2.3 कोटी टन वस्तुमान लागेल. तेही मानलं, तरी फरशी फक्त वरच्या बाजूलाच का ओढेल? खालच्या मजल्यावरचा माणूस छताकडे खेचला जाईल. एकसारख्या दोन फरश्यांच्या मधोमध उभ्या असलेल्याला वरून आणि खालून सारखीच ओढ बसेल, म्हणजे तो तरंगतच राहील. एवढा खटाटोप करून!

गृहीत काहीही धरावं. मात्र धरलं की त्याचे परिणाम शेवटपर्यंत भोगावेत. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, तेव्हापासून मराठी वाचकाला ही शिस्त ओळखीची आहे. टीव्हीवर ती क्वचित दिसते. ‘स्टार ट्रेक: एंटरप्राइज’मध्ये 2001 साली कप्तान शॉवरखाली असतानाच गुरुत्व जातं आणि तो पाण्याच्या गोळ्यांसकट वर तरंगतो. दृश्य विनोदी आहे, पण मला विचाराल तर त्या सगळ्या पसाऱ्यातला हा सर्वांत प्रामाणिक क्षण.

गुरुत्वाची नक्कल करायचा खरा मार्ग म्हणजे प्रवेग, आणि दीर्घकाळ टिकवायचा तर फिरवणं. ‘स्टार ट्रेक’ सुरू झाल्यावर चारच दिवसांनी, 12 सप्टेंबर 1966 रोजी, नासाचं जेमिनी 11 यान उडालं. त्यातले अंतराळवीर कॉनराड आणि गॉर्डन यांनी आपलं यान आणि अजेना रॉकेट 30 मीटरच्या पट्ट्याने जोडून एकमेकांभोवती फिरवलं. हाती आलं पृथ्वीच्या गुरुत्वाच्या सुमारे 0.00015 पट. कमी का, तर फेरे संथ आणि पट्टा आखूड. फेरे वाढवावेत तर माणसाचा कान आडवा येतो. मिनिटाला दोन फेऱ्यांच्या पुढे गेलं की मान वळवताच मळमळायला लागतं. सरावाने थोडं जास्त सोसतं. दोन फेऱ्यांत पृथ्वीइतकं वजन हवं तर त्रिज्या 224 मीटर लागते. पडद्यावरच्या फिरत्या यानांची बरीच लहान चाकं या हिशोबात बसत नाहीत.

किती मोठं चाक हवं, हे बुलढाणा जिल्ह्यात प्रत्यक्ष पाहता येतं. नासाच्या एम्स केंद्रात 1975 च्या उन्हाळ्यात 10,000 लोकांच्या वस्तीचा एक आराखडा तयार झाला, ‘स्टॅनफर्ड टोरस’. त्या चाकाचा व्यास 1.8 किलोमीटर, मिनिटाला एक फेरा. लोणारच्या विवराचा व्यासही जवळपास तेवढाच. धाडहून चिखली, मेहकर करत लोणारला जावं, काठावर उभं राहून समोरची कड बघावी, आणि ती अख्खी गोलाई मिनिटात एकदा फिरते आहे असं धरावं. कडेचा वेग ताशी सुमारे 340 किलोमीटर होतो. ‘बॅबिलॉन 5’ या मालिकेने 1994 पासून असंच अजस्र फिरतं स्थानक दाखवलं, आणि पृथ्वीवासीयांच्या न फिरणाऱ्या यानांत माणसांना पट्ट्याने खुर्चीला बांधलं. त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

‘द एक्स्पान्स’ (2015 ते 2022) ही मालिका अशा बाबतीत सर्वांत काटेकोर मानली जाते. तिची यानं इंजिनाच्या रेट्यानेच वजन निर्माण करतात, इंजिन बंद की माणसं तरंगतात. पण सेरीस या बटुग्रहावर येताच तिचाही हिशोब चुकतो. तो फिरवून आतल्या बोगद्यांत पृथ्वीच्या 0.3 पट वजन आणलंय, अशी कल्पना आहे. पेल्यात दारू ओतताना धार बाजूला वळते, आणि जाणकार खूश होतात. आता त्रिज्या सुमारे 470 किलोमीटर घ्या. एवढ्या वजनाला एक फेरा 40 मिनिटांचा पुरतो, आणि इतक्या संथ फिरण्यात वीतभर उंचीवरून पडणारी धार मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढीच सरकते. डोळ्याला ती सरळच दिसेल. शिवाय सेरीसचं स्वतःचं गुरुत्व पृथ्वीच्या फक्त 0.03 पट, बाहेर फेकणारा जोर त्याच्या दहापट झाला की बर्फ, माती आणि दगडांचा तो गोळा दारू ओतायच्या कितीतरी आधीच फुटून पांगायला लागेल.