महाडची वाट : आपल्या गाडीवरून

उन्हाळ्याची सुटी लागली की मुलांना कोठे न्यावे, हा प्रश्न घरोघरी पडतो. थंड हवेच्या ठिकाणची हॉटेले आपल्या खिशाला झेपत नाहीत. पण आज वस्तीत अनेकांच्या दारात, हप्त्यावर घेतलेली का होईना, एक मोटारसायकल उभी असते. तिच्यावरून एका मुक्कामात होणारी वाट आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. ती म्हणजे पुण्याहून ताम्हिणी घाटाने महाड. अंतर 135 किलोमीटरच्या आसपास.

पहाटे पाचलाच चांदणी चौक सोडावा. पौड मागे पडले की मुळशी धरणाचे पाणी दिसू लागते. पावसाळ्यातले धबधबे मे महिन्यात नसतात. पण गर्दीही नसते. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्येच गर्द झाडी आणि करवंदांच्या जाळ्या. रस्त्याकडेला आयाबाया करवंदे, जांभळे विकायला बसतात. त्यांच्याशी घासाघीस करू नये. त्यांचे कष्ट आपल्याच घरातल्या कष्टांसारखे आहेत.

घाट उतरताना पेट्रोल वाचविण्यासाठी इंजिन बंद करू नये. खालच्या गिअरमध्ये सावकाश उतरावे. हेल्मेट दोघांनाही हवे, मागे बसणाऱ्या बाईलाही. एका गाडीवर तिघे-चौघे कोंबू नयेत. पाण्याच्या दोन बाटल्या जवळ ठेवाव्यात.

गाडी आणि पाणी! या दोन साध्या गोष्टींसाठी आपल्या माणसांनी काय सोसले, हे मुलांना याच वाटेवर सांगावे. 1901 साली बाल भीमराव भाऊ आणि भाच्यांसह उन्हाळ्याच्या सुटीत वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळताच गाडीवाले त्यांना नेईनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनी बैलगाडी स्वतः हाकली. सोबत खायला होते, पण वाटेत प्यायला पाणी कोणी दिले नाही.

घाट उतरून निजामपूरवरून माणगावला आलो की मुंबई-गोवा महामार्ग लागतो. मुंबईचे बांधव पनवेल, पेण, कोलाडवरून येथेच येऊन मिळू शकतात. पुढे लोणेरे येथे बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. दहावी-बारावीच्या मुलांना तेथे थोडे थांबवावे.

मग दासगाव. डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेला जाताना, धरमतरचे मोटारवाले आपल्याला घेणार नाहीत अशी शंका होती. म्हणून बाबासाहेब मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने दासगाव बंदरात उतरले. तेथून सत्याग्रही सुमारे 5 मैल पायी महाडला गेले. तेच अंतर आज आपली गाडी काही मिनिटांत कापते. आम्ही येथे मुद्दाम वेग कमी केला.

महाडच्या अलीकडे महामार्गालगतच गांधारपाले लेणी आहेत. पायऱ्या चढताना दम लागतो, म्हणून ऊन चढण्याआधी जावे. वरून सावित्रीचे खोरे दिसते. येथील शिलालेखात कुमार काणभोज विष्णुपालित याने लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या आणि पाण्याच्या टाक्या दान दिल्याची नोंद आहे. विचार करा! ज्या गावाजवळ बुद्धाच्या संघासाठी डोंगर फोडून पाणी साठविले, त्याच गावात पुढे माणसाला तळ्याचे पाणी नाकारले गेले.

ते तळे म्हणजे चवदार तळे. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी येथे ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर दहा वर्षे खटला चालला आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. 20 मार्चला येथे पाय ठेवायला जागा नसते. मे महिन्यात मात्र मुलांना काठावर शांतपणे बसवून सारे सांगता येते. नंतर 25 डिसेंबर 1927 रोजी मनुस्मृती जाळली गेली, तेथील क्रांतिस्तंभाला वंदन करावे. हाताशी आणखी एक दिवस असेल, तर मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव पाहावे.

परतीच्या वाटेवर आपल्या बाटल्या भरून घ्याव्यात. रस्त्यात कोणाची गाडी बंद पडलेली दिसली, तर थांबावे, पाणी द्यावे. नाव-गाव विचारू नये. महाड पाहून आल्याची खूण ती हीच. जय भीम!