माहिती मागवलीसच कशाला?

मीडिया लॉचा तास सर फार रंगवून घेत. माहिती अधिकार कायदा 2005, कलम 6, उपकलम 2: माहिती कशासाठी हवी, हे अर्जदाराने सांगायची गरज नाही. फळ्यावर हे लिहून त्यांनी खाली दोन रेघा ओढल्या होत्या. त्याच सरांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "ही माहिती तू मागवलीसच कशाला?"

आमच्या पत्रकारिता विभागाचा प्रायोगिक अंक निघायचा. बातमी आणा, पान लावा, गुण घ्या. माझी बातमी मुलींच्या वसतिगृहातल्या पाण्याच्या टाकीची होती. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज केला, तीस दिवसांची मुदत संपता संपता उत्तर आलं. दर तिमाहीला टाकी साफ केल्याची बिलं, सही-शिक्क्यांसकट! आणि गच्चीवर त्याच टाकीच्या झाकणाच्या फटीतून पिंपळाचं रोप वीतभर वर आलेलं. फोटोही काढला होता.

सरांनी मजकूर वाचला. त्यात काही चूक आहे असं म्हणाले नाहीत. उलट इंट्रो छान जमलाय म्हणाले. मग, "विद्यापीठाची बाजू कुठाय?" ती होती. कार्यालयाला पत्र दिलं होतं आणि उत्तर आलं नाही, हेही लिहिलं होतं. "मग उत्तर येईपर्यंत थांबू या." उत्तर येणार नाही हे त्यांना ठाऊक, मलाही ठाऊक. सरळ नाही म्हणाले असते तर भांडले असते. थांबू या म्हणणाऱ्याशी भांडायचं तरी कसं?

अंक 6 जानेवारीला, पत्रकार दिनी निघाला. माझ्या जागी बाळशास्त्री जांभेकरांवर लेख: 1832 चं 'दर्पण', निर्भीड परंपरा, वगैरे. बाळशास्त्री स्वतः एल्फिन्स्टनमध्ये प्राध्यापकी करत आणि पत्रही चालवत, हे मात्र त्या लेखात कुठे नव्हतं.

विभागप्रमुखाच्या सहीशिवाय जो अंक छापायला जात नाही, त्याला माहितीपत्रक म्हणावं. संपादक विद्यार्थ्यांनीच निवडावा. आणि विद्यापीठातली बातमी हाती लागली, तर पोरांनो, आधी बाहेरच्या दैनिकाचं दार ठोठवा.

असं मी सगळ्यांना सांगते. परवा भाचीने पत्रकारितेला कुठे जाऊ विचारलं, तर तोंडून त्याच विभागाचं नाव निघालं. सर अजून तिथेच शिकवतात, आणि कॉपी कापायला त्यांच्याइतकं नीट शिकवणारा माणूस मला पुढे कुठल्या डेस्कवरही भेटला नाही.