ओठाचं माप : रोजनिशीतील पाने

२७ मार्च, भंडारा

लग्नसराई तोंडावर आली. संध्याकाळी बँडच्या खोलीत सगळी वाद्यं बाहेर काढून पुसली. शिंप्याकडून यंदाचे कोटही आले. लाल कापड, सोनेरी झालर, आणि प्रत्येकाच्या छातीचं, बाहीचं, खांद्याचं माप घेऊन शिवलेले. बाजूलाच एका जुन्या डब्यात वाद्यांना फुंकण्यासाठी लावायचे माउथपीस पडले होते. बँडच्या मास्तरांनी डबा पुढं सरकवला आणि ज्याच्या हाताला जो लागला तो त्यानं उचलला.

पवनीकडचा नवा पोरगा यंदा ट्रॉम्बोन धरणार आहे. त्यानं उचललेल्या पीसची दांडी वाद्यात अर्धीच गेली. सूर खाली पडत होता आणि पोरगा फुंकून फुंकून लाल झाला होता. तिकडं युफोनियमवाल्या काकांचा पीस इतका आत जायचा, की हलू नये म्हणून त्यांनी दांडीला कागदाची पट्टी गुंडाळली होती. दोघांना समोरासमोर बसवलं आणि पीसची अदलाबदल केली. दोन्ही नीट बसले. काकांनी कागद सोडवून टाकला, एक लांब सूर लावला आणि म्हणाले, "इतके वर्स मी हवाच सांडत होतो जी."

ट्रॉम्बोनला लहान आणि मोठी अशा दोन दांड्या येतात. काही युफोनियमना त्यांच्या मधल्या मापाची लागते. निवडीची सुरुवात इथून करायची. दांडी वाद्याच्या रिसीव्हरमध्ये, म्हणजे ती बसते त्या नळीत, घातली, हलक्या हातानं डावी-उजवीकडं डोलवून पाहिली आणि खडखड झाली, तर तो पीस कितीही नामांकित असो, त्या वाद्याचा नाही.

कोटाचं माप घेतात, ओठाचं कुणी घेत नाही. या हंगामात ते घ्यायचं ठरवलं आहे.

३ एप्रिल

आज पोरांना वाद्यं बाजूला ठेवायला लावून नुसते पीस हातात दिले. आवाज पितळेतून निघतो असं सगळ्यांना वाटतं. आवाज ओठांतून निघतो, पितळ त्याला आकार देतं. ट्रॉम्बोनवर मधला बी-फ्लॅट लावला, की ओठ सेकंदाला सुमारे २३३ वेळा उघडझाप करतात. ती उघडझाप ज्या गोल काठाच्या आत होते, तो काठ म्हणजे माउथपीसची पहिली गोष्ट.

काठ रुंद आणि सपाट असला की दाब पसरतो, ओठ उशिरा थकतात, पण एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारताना जडपणा येतो. अरुंद, गोलसर काठावर ओठ चपळ राहतात, पण तो लवकर रुततो. काठाच्या आत वाटी. खोल वाटीत आवाज भरदार, खालचे सूर मोकळे. उथळ वाटीत आवाज चमकदार, वरचे सूर थोडे हलके. वाटीच्या तळाशी गळा. तो मोठा असला की फुंक जास्त लागते, आवाजही मोठा होतो. गळ्याच्या पुढं दांडीच्या आत रुंदावत जाणारी नळी, तिच्यावर वरच्या-खालच्या सुरांचा मेळ ठरतो.

मग एकेकाचे ओठ आणि दात पाहिले. जाड ओठाला मोठा पीस हा ढोबळ नियम झाला. दात त्याहून महत्त्वाचे असतात. एका ट्रंपेटवाल्याचा वरचा एक दात थोडा पुढं आहे. मधोमध टेकवला की काठ त्या दातावरच ओठ दाबतो. त्याला किंचित बाजूला टेकवायला लावलं, आणि जो सूर फुटायचा तो सरळ आला. पोरांना आरशासमोर उभं केलं, कारण स्वतःचे ओठ काठाच्या आत कसे बसतात हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

९ एप्रिल

पितळेसाठी भंडाऱ्याचं नाव आहे. म्हणून मनात आलं, इथंच पीस घडवून का घेऊ नये? ओळखीच्या तांबटाकडं गेलो. त्यानं पीस हातात घेतला, काठावरून अंगठा फिरवला आणि सांगितलं, हे ठोकणीचं काम नाही, कातणीचं आहे. भांडं पत्र्यातून उठवतात, नाहीतर ओततात. पीस भरीव सळईतून लेथवर कातावा लागतो. त्यानंच एका लेथवाल्याकडं पाठवलं.

लेथवाल्यानं बाहेरचा आकार हुबेहूब उतरवला. आतली वाटीही बऱ्यापैकी जमली. अडलं ते काठावर. काठाची गोलाई डोळ्यांना सारखी दिसत होती, पण ओठांना लावताच फरक कळला. मिलिमीटरच्या दहाव्या भागाचाही फरक ओठ ओळखतात. गळ्यामागची रुंदावत जाणारी नळी तर रीमर नावाचं खास अवजार असल्याशिवाय होतच नाही.

शिवाय लेथवर सुबक कातलं जाणारं पितळ तांबं आणि जस्ताचं असतं, पण त्यात साधारण अडीच-तीन टक्के शिसंही घातलेलं असतं. ते तासन्‌तास उघडं ओठांना लावणं बरं नाही, म्हणून पीसवर चांदीचा मुलामा देतात. तांबटाला हे समजावून सांगावं लागलं नाही. कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात दही कळकतं, हे त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. थुंकी, घाम आणि उघडं पितळ एकत्र आले, की ओठांवर हिरवट डाग आणि पुरळ येतं. डब्यातल्या ज्या पीसांचा मुलामा काठावर उडाला आहे, ते आज वेगळे काढले. त्यांवर पुन्हा मुलामा चढवून मिळतो.

१४ एप्रिल

बाबासाहेब आंबेडकरांची जयंती. १९५४ च्या पोटनिवडणुकीत ते याच भंडाऱ्यातून उभे होते, त्यामुळं इथल्या मिरवणुकीला वेगळी ओढ आहे. आमच्यातले कितीतरी वाजवणारे आज बिदागीसाठी वाजवत नाहीत, घरच्या कार्यात वाजवावं तसे वाजवतात. दम राखून ठेवत नाहीत.

रात्री मिरवणूक संपत आली तेव्हा मी एकेकाकडं कान देऊन ऐकत चाललो. संध्याकाळी सगळे छान वाजत होते. आता फरक उघडा पडला. एका ट्रंपेटचे वरचे सूर गेले होते, वाजवणारा वाद्य तोंडात खुपसून ते काढू पाहत होता. काकांचा युफोनियम मात्र अजून गोल, भरलेला. पवनीचा पोरगा थांबून ओठ चोळत होता. मी विचारलं तर म्हणाला, "सर, सुरवातीले चांगला वाटते, मंग हा पीस मले चावते." कंदिलाच्या उजेडात पाहिलं. वरच्या ओठावर काठाचा गोल उमटला होता, आणि आतल्या कडेच्या जागी तांबडी, धारदार रेघ.

दुकानात पीस तपासताना ओठ ताजे असतात. ताज्या ओठांना जवळजवळ कुठलाही पीस चालतो. बँडवाल्याच्या पीसची परीक्षा वरातीच्या शेवटच्या तासाला होते. मैफलीत वाजवणाऱ्याला दोन तुकड्यांमध्ये बसायला मिळतं. आमच्याकडं चालत, धुळीत, डीजेच्या वर आवाज काढत वाजवावं लागतं. मोठमोठ्या वादकांसाठी लिहिलेला सल्ला इथं जसाच्या तसा लागू होत नाही. आमच्या कामाला आधी टिकाव हवा, मग चमक.

२१ एप्रिल, नागपूर

पवनीच्या पोरग्याला घेऊन वाद्यांच्या दुकानात गेलो. बँडची बहुतेक वाद्यं मेरठची. तिथली नादिर अली कंपनी १८८५ पासूनची, आणि देशभरच्या बँडवाल्यांना तिथल्या जली कोठी भागाचा पत्ता पाठ असतो. दुकानात पीस मात्र परदेशी आकड्यांचे मांडलेले होते.

हे आकडे व्हिन्सेंट बाखच्या पद्धतीचे. ऑस्ट्रियात जन्मलेल्या या ट्रंपेटवादकानं १९१८ मध्ये न्यूयॉर्कला सेल्मरच्या दुकानामागं एक लेथ टाकून पीस कातायला सुरुवात केली. त्याच्या पद्धतीत आकडा जितका मोठा तितका काठाचा व्यास लहान. अक्षर वाटीचं असतं. ए खोल, सी मध्यम, पुढची अक्षरं उथळ. ट्रॉम्बोनवर जी म्हणजे खोल, मोठ्या वाद्याची वाटी. ट्रॉम्बोनचा १२ सी सुमारे २४.५ मिलिमीटर, साडेसहा एएल सुमारे २५.४, बास ट्रॉम्बोनचा दीड जी सुमारे २७. ट्रंपेटचा ७ सी सोळा मिलिमीटरच्या थोडा वर. इतर कंपन्यांचे आकडे वेगळ्या रीतीनं चालतात. म्हणून आकड्यावर न जाता व्यास मिलिमीटरमध्ये विचारावा.

पोरग्याची नजर सगळ्यात मोठ्या पीसवर. मोठा म्हणजे जोरदार, असा सगळ्यांचाच समज. मी त्याला दुकानाबाहेर नेऊन आधी भरपूर वाजवायला लावलं, ओठ चांगले थकू दिले, मग आत येऊन पीस लावायला सांगितलं. मोठ्या पीसवर हवा भसाभसा गेली आणि सूर लटपटला. १२ सी वर वरचे सूर आले, पण खालचे चिमटले. साडेसहा एएलची लहान दांडी आमच्या वाद्यात घट्ट बसली, आणि थकलेल्या ओठांनीही मधला सूर सरळ धरला. काठाची आतली कडा बोटानं चाचपली. बोथट नव्हती, धारदारही नव्हती. तोच घेतला.

१ मे

सकाळी पोलीस मैदानावर ध्वजारोहण, दुपारी लाखनीकडं लग्न. ऊन भाजून काढणारं. सावलीत ठेवलेला पीस ओठांना सोसतो, उन्हात राहिलेला चटका देतो. म्हणून पीस खिशात ठेवायची सवय लावतो आहे.

उष्म्याचा दुसरा त्रास सुरांचा. हवा एक अंश तापली की तिच्यातून आवाज सेकंदाला ०.६ मीटर जास्त वेगानं जातो. पंचवीस अंशांवर जुळवलेलं वाद्य त्रेचाळीस अंशांत नेलं, तर नुसत्या हवेच्या हिशेबानं सूर अर्ध्या स्वरांतराच्या जवळपास निम्म्यानं चढतो. फुंकेची ऊब नळीत आधीच असते, त्यामुळं प्रत्यक्षात चढ कमी पडतो, पण कानाला कळतोच. कॅसिओ कीबोर्डचा सूर मात्र जागचा हलत नाही. आज तो आणि ट्रंपेट शेजारी शेजारी भांडत होते. ट्रंपेटवाला पीस बदलायला निघाला. त्याला थांबवलं आणि ट्यूनिंग स्लाइड बाहेर ओढायला लावली. त्याची वाटी उथळ आहे, तिचा कल मुळात चढ्या सुराकडं. उन्हानं फक्त तो जास्त उघड केला.

८ मे

मोहाडीच्या लग्नात नवरदेवाच्या आजोबांनी संगीतकार सी. रामचंद्रांच्या चाली मागितल्या. त्या चालींमधल्या ट्रंपेटमागं गोव्याची परंपरा आहे. आल्डोन्याचा ट्रंपेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे अंतोनियो झेवियर वाझ, रामचंद्रांबरोबर काम करायचा आणि १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटात त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. गोव्याच्या चर्चशाळांमधून असे वादक लहानपणी स्वरलिपी शिकून मुंबईला आले.

आमच्या ट्रंपेटवाल्याला तो टोकदार आवाज हवा आहे, म्हणून तो आणखी उथळ पीस घ्यायचं म्हणतो. मी त्याला सांगितलं, वरचे सूर ओठांच्या कोपऱ्यांतल्या ताकदीतून आणि फुंकेच्या वेगातून येतात. उथळ वाटी त्यांना थोडा हात देते, आणि बदल्यात खालचा अर्धा आवाज काढून घेते. वरातीत खालचाही लागतो.

ट्रॉम्बोनवर आज पोरग्यानं सरकती नळी ओढत एक लांब मींड घेतली. ट्रंपेटसारख्या व्हॉल्व्हच्या वाद्यावर ती अशी येत नाही. ओढताना सूर मधे कुठं तुटला नाही, कारण काठाच्या आत ओठांना हलायला पुरेशी जागा होती आणि बाहेर पुरेसा आधार. आजोबांनी उठून त्याच्या खिशात नोट ठेवली.

१९ मे

बसमध्ये वाद्य आपटलं आणि एकाचा पीस अडकला. ड्रायव्हरनं पक्कड पुढं केली, ती मी परत केली. पकडीनं पिळलं की पीस निघायच्या आधी वाद्याची नळी पिळवटते. त्यासाठी पुलर नावाचं साधं अवजार मिळतं. वाजवून झाल्यावर पीस काढून ठेवला, तर त्याचीही गरज पडत नाही. दांडीचं टोक खाली पडून चेपलं तर गोल दंड्यावर सरळ करून घ्यावं. चेपलेलं टोक फुंक अडवतं.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. दोघं जण एकच पीस वापरताना आज दिसले. खोकला असलेल्या घरांतूनही आमची माणसं येतात. एकाच्या तोंडातला पीस दुसऱ्याच्या तोंडात जाता कामा नये. रोज कोमट पाणी, साबण आणि लहान ब्रश एवढं पुरतं. आजपासून प्रत्येकाचा पीस त्याच्या कापडी पिशवीत.

२ जून

हंगाम आटोपत आला. मास्तरांबरोबर बसून वहीत रकाने पाडले: नाव, वाद्य, दांडी, काठाचा व्यास, वाटी, मुलाम्याची स्थिती, आणि शेवटी 'रात्रीच्या शेवटच्या तासाला कसा वाजला'. या शेवटच्या रकान्यावरून बाकीचे सगळे ठरतील. बिदागीतून दर महिन्याला थोडे पैसे बाजूला काढून एकेकाला योग्य पीस घ्यायचा. ज्याचे ओठ लवकर थकतात त्याचा नंबर आधी. कोट आणखी एक वर्ष चालतील, असं मास्तर आपण होऊन म्हणाले.

पावसाळ्यात नव्या पीसची सवय करायची. एकदा बसलेला काठ हंगामाच्या मधे बदलायचा नाही, ओठांना नवी जागा ओळखायला आठवडे लागतात. घ्यायच्या यादीत पहिलं नाव उथळ पीस मागणाऱ्या त्या ट्रंपेटवाल्याचं आहे: मध्यम वाटी, थोडा रुंद काठ. त्यानं ते मान्य केलं आहे.